पास काढलेला असताना दर वेळी कार्ड लावायची सक्ती का?

सहप्रवासी:
गेट असेल तिथे वादच नाही, कार्ड लावल्याशिवाय ते उघडतच नाही. प्रश्न आहे बस, ट्रॅम आणि मोकळ्या फलाटांचा. महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरलेल्या पासधारकाने प्रत्येक चढण्याला मशीनवर कार्ड का टेकवायचं? तपासनिसाच्या हातातल्या यंत्रावर पासची मुदत आणि हद्द दिसते, तेवढं पुरेसं आहे. स्वित्झर्लंडमध्ये वार्षिक पासवाले कुठेही टॅप न करता देशभर फिरतात. जर्मनीत 2023 साली सुरू झालेलं देशव्यापी मासिक तिकीटही तपासनिसाला दाखवलं की झालं. माझ्या मते सक्ती नकोच.

वेळापत्रक:
असहमत. एकच पास बस, ट्रॅम आणि रेल्वेवर चालतो, तेव्हा त्याची रक्कम वेगवेगळ्या संस्थांत वाटावी लागते. टॅप नसला की हे वाटप नमुना सर्वेक्षणावर येतं: काही फेऱ्यांत माणसं मोजायची आणि त्यावरून वर्षभराचा हिशेब बांधायचा. जर्मनीत हेच चालतं, आणि वाटणीवरून कुरबुरीही होतात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे पहाटेच्या फेऱ्या. तिथे बहुतेक प्रवासी पासवालेच असतात. त्यांनी कार्ड लावलं नाही, तर भरलेली बस नोंदीत रिकामी दिसते आणि फेऱ्या कमी करताना पहिली कात्री तिलाच लागते.

सहप्रवासी:
मोजायचंच असेल तर दारावर सेन्सर बसवा. टॅप न करणारेही त्यात मोजले जातात.

वेळापत्रक:
सेन्सर सांगतो, या थांब्यावर नऊ चढले, बारा उतरले. त्या बारांपैकी किती जणांनी पुढे दुसरी बस पकडली, हे त्याला कळत नाही. जोडबसची वेळ नेमकी त्यावरच ठरवायची असते.

मागचं दार:
दोघांच्याही बोलण्यात मशीनचा मुद्दा सुटलाय. ही कार्डं 13.56 मेगाहर्ट्झवर चालतात आणि जेमतेम काही सेंटिमीटरवरून वाचली जातात. पाकिटात दुसरं संपर्करहित कार्ड असलं, तर मशीन गोंधळतं किंवा भलतंच कार्ड वाचतं. नोंद कार्डावर लिहिली जात असेल आणि हिरवा दिवा लागण्याआधीच हात मागे घेतला, तर व्यवहार अर्धवट राहतो. प्रवाशाला वाटतं झालं, नोंद मात्र नसते. म्हणून कार्ड पाकिटाबाहेर काढून, सपाट टेकवून, आवाज येईपर्यंत धरायचं.

आता वेळेचं बघा. मशीनला अर्धा सेकंद लागतो, पण कार्ड काढून लावायला माणसाला सहज दोन-तीन सेकंद जातात. एकाच दारातून तीस जण चढले, तर मिनिटभर किंवा जास्तच बस थांब्यावर अडते. सक्ती करायची तर आधी प्रत्येक दाराशी मशीन हवं. ते नसताना केलेला नियम सगळ्यांनाच उशीर करतो.

एक फायदा मात्र मान्य करायला हवा. हरवलेलं कार्ड बंद केलं की त्याचा क्रमांक मशीनच्या यादीत जातो आणि टॅप करताच ते पकडलं जातं. अर्थात बसमधल्या मशीनपर्यंत ती यादी वेळेवर पोचली असेल तरच.

खिडकीपाशी:
आणि खासगीपणाचं काय? पासवर नाव असतं. रोजच्या टॅपवरून घर, कामाचं ठिकाण, दवाखाना सगळं कळतं. लंडनच्या ऑयस्टर कार्डाचा प्रवास-तपशील साधारण आठ आठवड्यांनी माणसाच्या ओळखीपासून तोडतात. सक्ती हवी असेल, तर अशी मुदत नियमातच लिहिलेली हवी.

वेळापत्रक:
हे पटलं. फेऱ्या ठरवायला कार्डधारकाचं नाव लागतच नाही, बदललेला क्रमांक पुरतो.

सहप्रवासी:
मोजणीचा मुद्दा मीही मानतो, सेन्सरला जोडप्रवास कळत नाही हे खरं. पण पास वैध असताना विसरलेल्या टॅपसाठी फुकट्या प्रवाशाइतका दंड घेणं अन्याय आहे. पॅरिसमध्ये पासधारकालाही बसमध्ये चढताना कार्ड लावणं बंधनकारक आहे, पण न लावल्याचा दंड बिनतिकीट प्रवासापेक्षा बराच कमी. मला एवढा फरक तरी हवाच. शिवाय मशीन बंद असेल तर जबाबदारी प्रवाशावर ढकलू नये. कुठलं मशीन किती वाजता बंद होतं, याची नोंद तपासनिसाच्या यंत्रावर दिसली पाहिजे.