मदत हवी आहे : सेमाग्लुटाइडवर वजन अडलंय, ताईने ‘दोन हॉर्मोनवालं’ नवं औषध परस्पर मागवलंय

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहितेय, कारण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवट मिळेल.

माझ्या ताईला टाइप २ मधुमेह आहे. साखर कमी करणारी ग्लिमेपिराइडची गोळी ती आधीपासूनच घेते. नंतर डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइड, म्हणजे साखर आणि भूक दोन्ही कमी करणारं इंजेक्शन, सुरू केलं. वजन छान उतरलं, साखर आटोक्यात आली, आणि मग काटा एका जागी अडला तो अडलाच. तिचे गुडघे पार झिजलेत. हाडांचे डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रियेआधी वजन अजून उतरवा. जिना उतरताना ती दोन्ही हातांनी कठडा धरते आणि तिरकी होऊन एकेक पायरी उतरते. त्यामुळे तिला घाई का झालीय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

आता खरा प्रश्न. तिने कुठेतरी कॅग्रीसेमाबद्दल वाचलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: नोव्हो नॉर्डिस्कच्या या औषधात सेमाग्लुटाइडच्या जोडीला कॅग्रिलिंटाइड आहे. स्वादुपिंडातल्या ज्या पेशी इन्सुलिन बनवतात, त्याच अ‍ॅमिलिन नावाचं दुसरं हॉर्मोनही सोडतात. जेवल्यावर पोट भरल्याची खूण मेंदूपर्यंत पोचवण्यात त्याचा वाटा असतो. कॅग्रिलिंटाइड ही त्याचीच दीर्घकाळ टिकणारी नक्कल. म्हणजे भुकेवर दोन वेगळ्या वाटांनी काम. कल्पना मलाही पटते.

डॉक्टरांनी ‘ते अजून माझ्या हातात नाही’ म्हटल्यावर ताईने इंटरनेटवरून नुसत्या कॅग्रिलिंटाइडच्या कुप्या मागवल्या. त्या काल घरी आल्या. तळाशी पांढरी भुकटी, रबरी बूच, लेबलवर ‘५ मिग्रॅ’ आणि ‘फक्त संशोधनासाठी’. बनवणाऱ्याचं नाव नाही, बॅच क्रमांक नाही, मुदतीची तारीख नाही. सोबत पाण्याची वेगळी बाटली आणि इन्सुलिनच्या सिरिंजने ‘१० युनिट घ्या’ अशी चिठ्ठी. पाणी किती घालायचं ते चिठ्ठीत लिहिलेलंच नाही! कुपीत २ मिली पाणी घातलं तर नेहमीच्या १०० युनिटच्या सिरिंजवर १० युनिट म्हणजे ०.२५ मिग्रॅ, आणि १ मिली घातलं तर तेच १० युनिट ०.५ मिग्रॅ होतात. सरळ दुप्पट. कॅग्रीसेमाच्या चाचणीत सुरुवात ०.२५ पासून करून दर चार आठवड्यांनी एकेक पायरी चढत २.४ मिग्रॅपर्यंत नेलं होतं. आणि कुपीत खरोखर ५ मिग्रॅ आहे, तेही कॅग्रिलिंटाइडच आहे, याची खात्री कोण देणार?

मला सगळ्यात जास्त धास्ती साखर उतरण्याची आहे. सेमाग्लुटाइड सुरू झाल्यावर जेवण कमी झालं, गोळी मात्र तेवढीच राहिली, आणि एका रात्री ताई घामाने चिंब होऊन उठली. हात इतके थरथरत होते की ग्लुकोमीटरची पट्टी खाचेत बसेना. त्यानंतर डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड कमी केलं. आता त्यांना न सांगता भूक आणखी मारणारं काही टोचून घेतलं, तर पुन्हा तेच होऊ शकतं. शिवाय ही औषधं शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतात. त्रास झाला म्हणून दुसऱ्या दिवशी उतरवता येत नाहीत.

तिच्या डोक्यात ‘२२.७ टक्के वजन घटतं’ हा आकडा घट्ट बसलाय. मी कॅग्रीसेमाच्या रीडिफाइन नावाच्या चाचण्यांबद्दल वाचलं. ६८ आठवड्यांत २२.७ टक्के हा आकडा पहिल्या चाचणीतला, आणि तोही सगळ्यांनी उपचार नेमाने चालू ठेवले असते तर, असं धरून काढलेला. तसं न धरता सरासरी घट २०.४ टक्के. त्या चाचणीत मधुमेह असलेले लोक नव्हते. मधुमेहींवरची चाचणी वेगळी, रीडिफाइन २, आणि तिथे घट १३.७ टक्के. ताईने पाहायचा आकडा हा. पहिल्या चाचणीत औषध घेणाऱ्या जवळपास ८० टक्के लोकांना पोटाच्या तक्रारी झाल्या, हेही विक्रेत्याच्या पानावर नाही.

दुसरीकडे टिर्झेपॅटाइड आहे. तेही आतड्यातल्या दोन हॉर्मोनांची कामं करतं, जीएलपी-१ (सेमाग्लुटाइड ज्याची नक्कल करतं तेच) आणि जीआयपी. ते अमेरिकेत २०२२ पासून मधुमेहासाठी मंजूर आहे आणि डॉक्टर लिहून देतात. मधुमेहींवरच्या सरमाउंट-२ चाचणीत १५ मिग्रॅ मात्रेवर ७२ आठवड्यांत सुमारे १४.७ टक्के वजन उतरलं. दोन वेगळ्या चाचण्यांची थेट तुलना करू नये हे मान्य, पण जे मिळवण्यासाठी ताई अनोळखी कुपी फोडायला निघालीय, तेवढं रीतसर मिळू शकत असेल तर हा धोका कशासाठी?

तर मदत अशी हवी आहे.

मधुमेह असून सेमाग्लुटाइडवरून टिर्झेपॅटाइडवर गेलेलं कुणी इथे आहे का? डॉक्टरांनी २.५ मिग्रॅपासून नव्याने सुरुवात करायला लावली का, आणि मधल्या काळात भूक, साखर कशी राहिली? सोबत ग्लिमेपिराइडसारखी गोळी होती का, आणि ती कधी बदलली? साखर झपाट्याने उतरली तर डोळ्यांच्या पडद्याचा त्रास वाढू शकतो असं वाचलं, तर आधी नेत्रतपासणी करून घेतलीत का?

गुडघ्यांच्या रुग्णांना विशेष विचारायचंय. उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीव्यतिरिक्त असतो, म्हणजे स्नायूही आलेच. शस्त्रक्रियेआधी मांड्यांची ताकद टिकवायला फिजिओथेरपिस्टने काय करून घेतलं? झिजलेल्या गुडघ्यांना झेपतील असे व्यायाम हवेत.

इथे डॉक्टर मंडळी असतील तर एक विनंती. सेमाग्लुटाइड चालू असताना वजन अडलं, तर औषध बदलण्याआधी तुम्ही काय काय तपासता? तिची मात्रा अजून वाढवता येण्यासारखी आहे की नाही, हेसुद्धा आम्ही कधी विचारलेलं नाही.

आणि सगळ्यात अवघड काम: तिला हे सांगायचं कसं? ‘तू बारीक आहेस, तुला काय कळणार’ असं ती म्हणते आणि विषय तिथेच संपतो. आयुष्यभर वजनावरून टोमणे ऐकलेल्या माणसाला मी अडवतेय असं वाटू नये, एवढीच काळजी आहे. घरातल्या कुणाला अशा कुपीपासून परावृत्त केलं असेल, तर नेमकं काय बोललात ते जसंच्या तसं लिहा. भुकटी अजून कोरडी आहे, शुक्रवारी इंजेक्शनचा वार आहे, त्यामुळे त्याआधी उत्तरं मिळाली तर फार बरं होईल.