‘नाकारणे’ एकच शब्द, पण नकार अनेक

एकांनी लिहिलंय की इंग्रजीतल्या रिफ्यूज, डिक्लाइन, रिजेक्ट या सगळ्यांचा अर्थ ‘नाकारणे’च, मग फरक कशाला करायचा? मला पटत नाही. आमच्या बेळगावात लहान मूलसुद्धा ‘नको’ आणि ‘नाही’, कानडीतलं ‘बेड’ आणि ‘इल्ला’ यांत गल्लत करत नाही.

पंगतीत वाढपी आला की आपण ताटावर हात आडवा धरून “पुरे हो” म्हणतो, ते डिक्लाइन. मूळ लॅटिन अर्थच बाजूला कलणं. रिजेक्ट म्हणजे मागे फेकणं, तेही पारखून. पोतं ओतल्यावर व्यापारी हिरवा पडलेला बटाटा बाजूला भिरकावतो ना, तसं. बटाटा डिक्लाइन होत नाही! स्पर्न तर थेट लाथाडणं.

खरी गोम डिनायमध्ये आहे. आरोप फेटाळणं हा एक अर्थ. दुसरा मला एका कचेरीत उमगला. मी मराठीतला फॉर्म मागितला, खिडकीतल्या माणसाने मान वर न करता “नाही मिळणार” म्हटलं. त्याने रिफ्यूज केलं. मला तो फॉर्म डिनाय झाला. घटना एकच, पण रिफ्यूजमध्ये देणाऱ्याची आडमुठी मान दिसते, डिनायमध्ये घेणाऱ्याचे रिकामे हात.