मदत हवी आहे: चराच्या पाण्यातलं नायट्रेट बायोचारने अडत का नाही?

चाळणीवाला

नमस्कार मंडळी. शेतातून निचऱ्याचं पाणी एका चराने बाहेर पडतं आणि खालच्या तळ्यात जातं. तळं शेवाळाने हिरवं झालंय. चाचणीपट्टीवर चराच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ८० मिलिग्रॅमच्या आसपास दिसतं, नत्राचं दुसरं रूप, अमोनियम, जवळजवळ नाहीच.

पिकांच्या अवशेषांपासून मी स्वतःच बायोचार, म्हणजे कमी हवेत भाजलेला कोळसा, करतो. चराच्या तोंडाशी बायोचार भरलेलं पिंप बसवायचं, पाणी त्यातून जाऊ द्यायचं आणि नत्राने भरलेला बायोचार नंतर शेतात टाकायचा, असा बेत आहे. त्याआधी बाटलीत पाणी आणि थोडा बायोचार रात्रभर ठेवून पाहिला. नायट्रेट होतं तेवढंच, उलट सामू (pH) वाढला. "बायोचार नत्र धरून ठेवतो" हे तर जिथे तिथे वाचायला मिळतं. मग माझ्याच बायोचारात काय कमी आहे? भट्टी आणखी तापवू, की बारीक दळून बघू?

आयन_बायन

कमी काहीच नाही. तुमच्या पाण्यातला नत्र बायोचारच्या आवडीचा नाही, एवढंच.

बायोचारच्या पृष्ठभागावर सहसा ऋण भार असतो. अमोनियमवर धन भार, म्हणून ते चिकटतं. नायट्रेटवर ऋण भार, ते दूर लोटलं जातं. मातीतून नायट्रेट सहज धुपून जातं त्यामागेही मुख्यतः हेच कारण. भट्टीचं तापमान ४००-५०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं की पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट जास्त उरतात आणि अमोनियम बरं धरलं जातं. ६००-७०० च्या पुढे ते गट जळून जातात, सच्छिद्रता वाढते आणि थोडंफार नायट्रेट धरलं जातं, पण त्या "थोडंफार"वर पिंप बांधू नका. सामू वाढला तो राखेमुळे. बायोचार आधी साध्या पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर राखेतले क्षार, स्फुरदासकट, तळ्यात जातील आणि शेवाळाचीच सोय होईल.

पुढची चाचणी करताना दोन बाटल्या जास्तीच्या ठेवा: एकीत नुसतं चराचं पाणी, दुसरीत ऊर्ध्वपातित पाणी आणि बायोचार. त्याशिवाय आकड्यांवरून काही ठरवता येणार नाही.

त्रैराशिक

मी जरा आकडेमोड करतो. समजा तुमच्या बायोचारने ग्रॅममागे ५ मिलिग्रॅम नायट्रेट धरलं. साध्या, प्रक्रिया न केलेल्या बायोचारसाठी हा उदार अंदाज आहे. म्हणजे किलोला ५ ग्रॅम. तुमच्या लिटरभर पाण्यात ८० मिलिग्रॅम आहे, तेव्हा किलोभर बायोचार साधारण ६२ लिटर पाण्यात भरून जाणार. चरातून सेकंदाला एक लिटर पाणी वाहत असेल तर हे मिनिटभराचं काम! दिवसाला टनभराहून जास्त बायोचार लागेल. दळून बारीक केलात तर वेग थोडा वाढेल, पण पिंप गाळाने तुंबेल आणि पाणी कडेने वाट काढेल.

चाळणीवाला

मिनिटभर! हे गणित डोक्यातच आलं नव्हतं. मॅग्नेशियम किंवा लोहाच्या क्षारात भिजवून भाजलेला बायोचार नायट्रेट धरतो असंही वाचलंय. ते करून बघू का?

आयन_बायन

धरतो, कारण त्यामुळे पृष्ठभागावर धन भाराच्या जागा तयार होतात. पण प्रयोगशाळेतलं पाणी बहुतेक वेळा नुसतं नायट्रेटचं द्रावण असतं. चराच्या पाण्यात सल्फेट, बायकार्बोनेट, क्लोराइड हे सगळे त्याच जागांवर हक्क सांगतात. शिवाय वरचं गणित सुटत नाहीच, फार तर मिनिटाची काही मिनिटं होतील.

ओली_ढलपी

नायट्रेट धरून ठेवायचा हट्ट कशाला? ते जिरवा की. चराच्या कडेला लांबट खड्डा खणायचा, लाकडाच्या ढलप्यांनी भरायचा, वर माती टाकायची आणि पाणी त्यातून सावकाश जाऊ द्यायचं. आत ऑक्सिजन संपतो, मग जिवाणू ढलप्यांतला कर्ब खातात आणि श्वसनासाठी नायट्रेट वापरतात. नत्र वायुरूपाने हवेत जातो, जिथून तो मुळात आलेला असतो. नीट बांधलेला खड्डा दहाएक वर्षं चालतो.

पाणी आत काही तास तरी थांबायला हवं. फार लवकर बाहेर पडलं तर काम अर्धवट राहून नायट्रस ऑक्साइड सुटण्याचा धोका, आणि तो हरितगृह वायू आहे. फार वेळ थांबलं तर नायट्रेट संपून सल्फेटची पाळी येते आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. थंडीत काम मंदावतं. सुरुवातीला चहाच्या रंगाचं पाणी निघेल, ते तळ्यात सोडू नका. मोठ्या पावसाचं पाणी परस्पर पुढे जाईल अशी वाट ठेवाच.

बायोचार या ढलप्यांत मिसळूनही पाहिलाय लोकांनी. तो जिवाणूंना राहायला जागा देतो, पण खाणं म्हणून निरुपयोगी, कारण त्यातला कर्ब सहजी कुजत नाही. तुमच्याकडचा बायोचार शेणखताच्या ढिगात घाला. तिथे अमोनियम भरपूर असतं, उडून जाणारा नत्र तिथेच अडेल, आणि खताबरोबर मुरलेला बायोचार नायट्रेटही बऱ्यापैकी धरतो. तळ्यापर्यंत पोचण्याआधीच नत्र अडवायची ही जागा जास्त शहाणपणाची, असं माझं मत.

त्रैराशिक

एक राहिलं. पट्टीवरचे ८० हे "नायट्रेट" आहेत की "नायट्रेटमधला नत्र", ते डबीवर बघा. पहिलं असेल तर नत्र १८ च्या आसपास, दुसरं असेल तर नायट्रेट साडेतीनशेच्या पुढे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट आहे. जवळपास पिण्याची विहीर असेल तर तिचं पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या, विशेषतः घरात बाटलीने दूध पिणारं तान्हं बाळ असेल तर.

चाळणीवाला

डबीवर "नायट्रेट" असंच आहे, म्हणजे १८. विहिरीचा नमुना पाठवतो. बायोचार खताच्या ढिगाकडे वळवला. खड्ड्यासाठी लाकूड कुठलं घ्यावं? भुसा फुकट मिळतोय.

ओली_ढलपी

भुसा नको, दबून बसतो आणि पाणी अडतं. बोटाच्या पेराएवढ्या ढलप्या घ्या. रंग दिलेलं किंवा वाळवीचं औषध मारलेलं लाकूड अजिबात नको. आणि खणण्याआधी बादली आणि घड्याळ घेऊन चराचा प्रवाह मोजा, कोरड्या दिवसांत आणि पावसानंतरही. खड्डा किती मोठा हवा ते त्यावरच ठरेल. आकडे इथे टाका, मग मापं काढू.