अनुभव धागा: गावोगावची वस्तुसंग्रहालयं

मुंबईचं मोठं म्युझियम बहुतेकांनी शाळेच्या सहलीत उरकलेलं असतं. इथे लिहूया लहान गावांतल्या संग्रहालयांबद्दल. कुठे गेलात, कशापुढे पाय अडले, पुढच्याने काय चुकवू नये? सुरुवात मीच करते.

औंध, जि. सातारा. लोक यमाईला डोंगर चढतात आणि वाटेतलं श्री भवानी संग्रहालय 'उतरताना बघू' म्हणून सोडतात. उतरताना पोटात कावळे ओरडत असतात, मग राहूनच जातं. आम्ही आधी संग्रहालय, मग देवी असा क्रम लावला. सासूबाईंना तो मुळीच पटला नव्हता. संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली हे उभारलं. राजे स्वतः चित्रकार, त्यामुळे संग्रहाला नजर आहे. रविवर्मा, धुरंधर असतील हे ठाऊक होतं. पण ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प? तेही खटाव तालुक्यात? मी तिथे रेंगाळले आणि सासूबाई रविवर्म्याच्या चित्रापुढे. अगदी जवळ जाऊन साडीचा काठ न्याहाळत म्हणाल्या, "अगं, हा रंगवलाय असं वाटतंच नाही." देवीला पोचायला दुपार झाली, पण कुरकुर नाही.

कोल्हापूरकर: आमचं टाऊन हॉल म्युझियम. सीपीआर दवाखान्यात कुणाला तरी डबा द्यायला शंभरदा जातो आपण, पण समोरच्या बागेत शिरत नाही. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती इथे आहे. ग्रीक लोकांचा समुद्रदेव, रोमन व्यापारातून आलेला, पंचगंगेच्या काठी! सातवाहन काळातला व्यापार पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही, ही वीतभर मूर्ती बघून शिरतो. आबालाल रहिमान यांची चित्रंही बघाच.

मराठवाड्याची लेक: मग तेरला या की! रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंवर हे संग्रहालय उभं आहे. तेर म्हणजे जुन्या ग्रीक प्रवासवर्णनातलं तगर. इथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीत पाँपेईला १९३८ साली सापडलेली मूर्ती यांचं बरंच साम्य आहे. गोरोबाकाकांच्या दर्शनाला येणाऱ्यांनी तासभर तरी काढावा.

पुणेकर: केळकर संग्रहालय. अडकित्ते बघा. बाकी नंतर.

चेन्नईस्थित: महाराष्ट्राबाहेरचं चालेल ना? तंजावरचा सरस्वती महाल. दुसऱ्या सरफोजीराजांनी वाढवलेला ग्रंथसंग्रह, त्यात मोडीतले कागद. जवळच बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसल्यांचा मराठी इतिहास आहे. लेकीला तमिळ फर्डं येतं, देवनागरी अडखळत. तिने बोट फिरवत दोन ओळी लावल्या, मी फक्त बघत राहिलो.

जरा तक्रार: एका जिल्ह्याच्या ठिकाणी (नाव नको) प्रत्येक मूर्तीखाली एकच पाटी: 'दगडी मूर्ती'. अहो, ते दिसतंय! कुठल्या गावची, कोणत्या काळातली, ते लिहा. शेवटी तिथल्या शिपाईमामांनीच सगळं सांगितलं, आणि काय सुरेख सांगितलं!

सातारकर: औंधला गुडघेदुखीवाल्यांना जमेल का?

धागाकर्ती: संग्रहालय डोंगराच्या मध्यावर आहे, गाडी तिथवर जाते. सुट्टीचा वार मात्र आधी विचारून घ्या. आणि नागपूरच्या अजब बंगल्याबद्दल कोणीतरी लिहा, १८६३ पासूनचं संग्रहालय आहे ते. विदर्भवाले अजून गप्प कसे?