मुलांना रस्त्यावर वागायला शिकवणे हे नेमके कोणाचे काम?

चिंचवडकर पालक:

माझी मुलगी यंदा तिसरीत आहे. घरापासून शाळा चालत जाण्याइतकी जवळ असली तरी मध्ये एक मोठा रस्ता ओलांडावा लागतो, आणि शाळा सुटण्याच्या वेळी फाटकासमोर रिक्षा, व्हॅन, पालकांच्या दुचाक्या आणि भेळेची गाडी यांची अशी दाटी होते की मोठ्या माणसालाही वाट काढणे जिवावर येते. नुकत्याच झालेल्या पालकसभेत हा विषय निघाला, तेव्हा फाटकाच्या आतली जबाबदारी आमची आणि बाहेरची तुमची, असे शाळेने स्पष्ट केले. काही पालकांचे म्हणणे नेमके उलट होते: शिकवणे हे शाळेचेच काम, फी आपण त्यासाठीच भरतो. एका गृहस्थांनी सगळा भार वाहतूक पोलिसांवर टाकून दिला. शेवटी जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानात चित्रकला स्पर्धा घ्यायची असे ठरले आणि सभा संपली.

स्पर्धेला माझा विरोध नाही. परंतु सिग्नलचे तीन रंग मुलीला बालवाडीपासून पाठ आहेत. समोरून येणारा डंपर किती वेगात आहे हे तिने कसे ओळखावे, ही माझी अडचण आहे. हे शिकवायचे कोणी, आणि कोणत्या वयात?

निवृत्त मास्तर, सांगली:

मी अनेक वर्षे शाळेत आर.एस.पी.चे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या रस्ता सुरक्षा दलाचे, पथक सांभाळले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पथकातली मुले गणवेश घालून, शिट्टी घेऊन हाताचे इशारे उत्तम करतात आणि 26 जानेवारीच्या संचलनात शोभूनही दिसतात. मात्र पथकात निवडक मुले असतात आणि उरलेली शाळा प्रेक्षक राहते. शिवाय इशारे करता येणे आणि रस्ता ओलांडता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नागपुरात धरमपेठेत मुलांसाठी वाहतूक उद्यान आहे, तशी उद्याने नियमांची ओळख करून द्यायला चांगलीच, पण तिथे कोणी उलट्या दिशेने अंगावर येत नाही.

आपल्या डंपरच्या प्रश्नाचे उत्तर असे की तिसरीतल्या मुलीला ते शिकवता येत नाही. साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा एकत्रित अंदाज भरवशाने बांधता येत नाही, आणि हा बुद्धीचा दोष नसून वयाचा भाग आहे. तोवर हात धरून नेणे हाच उपाय, आणि तोही बोट न देता मनगट धरून, कारण मैत्रीण दिसली की बोट सुटते. मात्र याच काळात तिला सवयी लावता येतात: रस्त्याच्या कडेशी पूर्ण थांबायचे, आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहायचे, आणि उभ्या गाड्यांच्या मधून कधीही बाहेर पडायचे नाही, कारण तिची उंची बॉनेटएवढी असते आणि चालकाला ती दिसतच नाही. हे फळ्यावर शिकवून उपयोग नाही. चार-पाच मुलांचा गट करून शाळेसमोरच्या खऱ्या रस्त्यावर न्यावे लागते, आणि ते शाळाच करू शकते.

आता पालकांविषयी. आमच्या चौकात सकाळी हमखास दिसणारे दृश्य सांगतो: स्कूटरचे पुढचे चाक झेब्रा पट्ट्यांच्या पार पुढे, पायाशी उभे असलेले पोर मान वर करून म्हणते, ‘‘बाबा, अजून लाल आहे,’’ आणि बाबा म्हणतात, ‘‘कोणी नाहीये रे,’’ आणि निघतात. शाळेने वर्षभर शिकवलेले तिथे एका वाक्यात पुसले जाते. म्हणून माझ्या मते पहिली जबाबदारी घराचीच आहे, आणि ती उपदेश करण्याची नाही, स्वतः थांबण्याची आहे.

वकिलीण बाई:

मास्तरांशी मी सहमत आहे. फक्त कायदा कोणाला जबाबदार धरतो एवढे नोंदवते. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती होऊन कलम 199अ आले. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, वाहनाची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण योग्य ती काळजी घेतली होती, हे पालकालाच सिद्ध करावे लागते. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या मोटारीने झालेल्या अपघातानंतर, त्याला जामिनासाठी घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर चर्चा पुष्कळ झाली, पण किल्ली घराबाहेर कशी गेली हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो 50 सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचा, आणि तसली गाडी आता बाजारात जवळपास मिळतच नाही. क्लासला निघालेली दहावीतली मुले चालवतात ती 110 सीसीची असते, हे प्रत्येक पालकाला माहीत असते.

शाळेलाही ‘फाटकाच्या आत’ एवढेच म्हणून सुटता येणार नाही. स्कूल बससंबंधीच्या महाराष्ट्राच्या 2011 च्या नियमांनुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते, आणि तिच्यावर पालक, वाहतूक पोलीस आणि आरटीओ यांचे प्रतिनिधी असतात. आपल्या शाळेची समिती शेवटची कधी बसली, हे पुढच्या सभेत अवश्य विचारावे.

सध्या मुक्काम जर्मनी:

इथे चौथीच्या सुमारास शाळा आणि पोलीस मिळून मुलांची सायकलची परीक्षा घेतात. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते हे की आठ वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाने सायकल पदपथावरून चालवावी असा वाहतुकीचा नियमच आहे आणि दहाव्या वर्षापर्यंत त्याला तशी मुभा असते. लहान मूल चुकणारच, हे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरले आहे. अर्थात इथे पदपथ आहेत, हा फरक मोठा आहे.

चिंचवडकर पालक:

सर्वांचे आभार. वकीलताई, समितीचे मला ठाऊकच नव्हते, नक्की विचारतो. मास्तर, एक शंका आहे. जिथे पदपथ नाही तिथे मुलीला कोणत्या बाजूने चालायला सांगावे? शाळेत ‘डावीकडून चाला’ असे शिकवतात.

निवृत्त मास्तर, सांगली:

तो नियम वाहनांचा आहे. चालणाऱ्यांनाही सरसकट तोच पढवला जातो हे खरे. पदपथ नसेल तर उजव्या कडेने चालावे, म्हणजे जवळून जाणारे वाहन समोरून येताना दिसते. मुलीला आपल्या आणि रस्त्याच्या मध्ये कधीच येऊ देऊ नका. स्कूटरवरून उतरवतानाही तिला डाव्या बाजूलाच उतरवा.

रस्तेवाला, स्थापत्य अभियंता:

उशिरा येतो आहे, पण एक पक्ष चर्चेत राहून गेला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथावर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची 150 मिलिमीटरहून जास्त नको. शाळेसमोर हे मोजून पाहा. बहुतेक ठिकाणी पदपथावर विजेच्या डीपी, फलक आणि दुचाक्या सापडतील. दुसरे म्हणजे वेग. कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगले असताना, ताशी 30 किलोमीटरने येणारी मोटार चालकाला धोका दिसल्यापासून सुमारे 13 मीटरांत थांबते. 50 ने येणारी सुमारे 28 मीटर घेते. आठ वर्षांच्या मुलीला हा हिशेब शिकवण्यापेक्षा शाळेसमोर नीट बांधलेला, रंगवलेला गतिरोधक आणि उंचावलेली ओलांडण्याची जागा करून घेणे सोपे आहे. अर्ज महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात स्थापत्य विभागाकडे द्यावा, प्रत वाहतूक शाखेला द्यावी, आणि सोबत शाळा सुटतानाची छायाचित्रे जोडावीत. अर्ज एकट्या पालकाच्या नावाने न देता परिवहन समितीच्या ठरावासह शाळेच्या पत्रावर दिला, तर तो फाईलमध्ये पडून राहण्याची शक्यता कमी होते. शाळेला दोन सत्रांच्या सुटण्याच्या वेळांत पंधरा मिनिटांचे अंतर ठेवता आले तर तेही पाहावे. त्याला कोणाचीच परवानगी लागत नाही.