अनुभव धागा: जंतूंचं विष आणि अंगातला दाह

आई नुकतीच सेप्सिसमधून (जंतुसंसर्गाने शरीराचाच तोल जाऊन जिवावर बेततं ते) उठली. जंतूपेक्षा त्याचं विष आणि त्यावर शरीराने घातलेला गोंधळ जास्त छळतो हे तेव्हा बघितलं. तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर लिहा, काढे नि घरगुती उपाय नकोत प्लीज.

माझ्यापासून सुरुवात. लघवीला जळजळ होती, आईने नेहमीप्रमाणे अंगावर काढलं, मग एका रात्री अशी हुडहुडी भरली की पलंग हलायला लागला, आणि "गॅस बंद केलास का" हेच परत परत. हॉस्पिटलात पोचेस्तोवर वरचं बीपी ऐंशीच्या खाली. ई. कोलाय नावाचा जंतू निघाला. त्याच्या आवरणातच विष असतं म्हणे, ते रक्तात आलं की आपल्याच पेशी सायटोकाइन्स (दाह पेटवणारी रसायनं) सोडतात, रक्तवाहिन्या सैल पडून पाझरतात, म्हणून बीपी कोसळतं. अँटिबायोटिक, सलाइन, बीपी वर आणणारं नॉरॲड्रेनालिन, सगळं चालू. हात एवढे सुजले की सिस्टरने साबण लावून बांगड्या काढल्या.

– – –

आमच्याकडे साखरपुड्याची बासुंदी. दुपारी जेवलो, संध्याकाळ व्हायच्या आत निम्मं वऱ्हाड बाथरूमच्या रांगेत, उलट्याच उलट्या पण ताप कुणालाच नाही. आचाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम होती. काकू अजून म्हणतात बासुंदी परत उकळली होती की! अहो, उकळून स्टॅफ (पिकलेल्या जखमेतला जंतू) मरतो, त्याने आधीच सोडलेलं विष नाही मरत. म्हणूनच डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंच नाही, नुसतं ओआरएस.

– – –

मी नर्स आहे. धनुर्वाताचा पेशंट एकदा बघितला की विसरत नाही. अंधारी खोली, ट्रेचं झाकण जरी वाजलं तरी अंगाची कमान होते, आणि माणूस पूर्ण शुद्धीत, डोळ्यांनी सगळं सांगतो. जखम मात्र क्षुल्लक, ना सूज ना पू. विष नसांतून वर चढतं आणि स्नायूंना सैल सोडणारा सिग्नलच बंद पाडतं. डिस्चार्जआधी टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) देतो तेव्हा नातेवाईक हमखास विचारणार, आजार होऊन गेला ना, मग लस कशाला? तर जीव घ्यायला ते विष इतकं थोडं पुरतं की शरीराला त्याची ओळखच पटत नाही.

– – –

कॉलरा झालाय मला, कॉलेजात असताना. ताप नाही, पोटात मुरडा नाही, फक्त पेजेच्या पाण्यासारखे जुलाब, गालफडं बसली. आतड्याला फारशी इजा होतच नाही, विष नुसतं क्षार-पाणी बाहेर ओतायला लावतं. हे विष दाखवून दिलं कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी, १९५९ साली, सशाच्या आतड्यावर. नोबेल नाही मिळालं, याचा मला उगाचच राग येतो.

– – –

नर्सताई, टीडी किती वर्षांनी घ्यायचं? बाबा शेतात अनवाणी फिरतात.

– – –

दर १० वर्षांनी. मातीची, खोल जखम झाली आणि आधीच्या डोसला ५ वर्षं होऊन गेली असतील तर लगेच. बाबांना शेवटचं कधी दिलंय ते आठवत नसेल तर सरळ सरकारी दवाखान्यात घेऊन जा.