फोर-के डिस्क परत करू की सेटिंग चुकलंय? सुपरहिरो सिनेमांचं चित्र आणि आवाज कसा तपासायचा (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय कारण डिस्क परत करायची मुदत रविवारी संपतेय आणि मला कळतच नाहीये की दोष डिस्कमधे आहे, आमच्या टीव्हीत आहे की सिनेमाच तसा बनवलाय.

आमच्याकडे ५५ इंची साधा एलईडी टीव्ही आहे, ओएलईडी नाही. त्यासोबत फोर-के डिस्क प्लेयर आणि एक साउंडबार घेतला, मागे ठेवायचे दोन छोटे स्पीकर आणि सबवूफर असलेला, खोक्यावर ॲटमॉस (वरूनही आवाज आल्यासारखा वाटणारी डॉल्बीची पद्धत) लिहिलंय. प्लेयरची वायर टीव्हीत आणि टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणाऱ्या) पोर्टमधून दुसरी वायर साउंडबारला, बसवायला आलेल्या माणसाने असंच जोडून दिलं. बाबांना सुपरमॅनचं फार वेड, १९७८ चा क्रिस्टोफर रीव्हवाला त्यांनी शाळेत असताना थिएटरात पाहिलाय, म्हणून तो मागवला, सोबत माझ्यासाठी डार्क नाईट आणि भाच्यासाठी स्पायडर-व्हर्स या ॲनिमेशन सिनेमाचा पहिला भाग. तिन्हीत काहीतरी गडबड वाटतेय.

सुपरमॅनचं चित्र मऊ आणि धुरकट आहे, दिव्यांभोवती उजेड पसरल्यासारखा, आणि आकाशात भिंतींवर सगळीकडे बारीक मुंग्या चालतात. बाबांनी दोनदा चष्मा पुसला.

डार्क नाईटमधे चित्राचा आकारच बदलतो, सुरुवातीच्या बँक दरोड्यात पूर्ण स्क्रीन भरलेला आणि मग अचानक वर-खाली काळ्या पट्ट्या, पुन्हा पूर्ण. रात्रीच्या प्रसंगात बॅटमॅनचा सूट कुठे संपतो आणि अंधार कुठे सुरू होतो कळत नाही. बोलणं इतकं बारीक की मी आवाज वाढवते आणि लगेच ट्रक उलटतो तेव्हा शेजाऱ्यांची झोपमोड. मागच्या स्पीकरमधून काही येत नाही, ॲटमॉसचा दिवा लागत नाही. मधे एकदा चित्र गोठलं पण, पुढे ढकलल्यावर चालू झालं.

स्पायडर-व्हर्समधे मागच्या इमारती आणि माणसं दुहेरी दिसतात, कडांना लाल-निळं, थ्रीडी सिनेमा चष्म्याशिवाय बघितल्यासारखं. चेहऱ्यांवर ठिपके आहेत आणि त्यातला नायक माइल्स अडखळत हलतो. ही तर नक्की खराब डिस्क ना?

प्रतिसाद

ताई, स्पायडर-व्हर्स अजिबात परत करू नका, बदली आली तरी अशीच दिसेल. तो सिनेमा छापील कॉमिकसारखा दिसावा म्हणून मुद्दाम तसा केलाय. जुन्या स्वस्त छपाईत ठिपक्यांनी रंग भरायचे आणि एक रंग दुसऱ्यावर नीट बसायचा नाही, तेच यात आहे. कॅमेऱ्याचा फोकस जिथे नसतो तिथे एरवी चित्र धूसर करतात, यांनी तिथे रंग सरकवलेत, म्हणून मागच्या गोष्टी दुहेरी दिसतात. पुढे ज्यावर नजर जायला हवी ते बघा, ते एकदम रेखीव असेल.

माइल्सचं अडखळणं पण मुद्दाम आहे. सेकंदाला २४ फ्रेम असतात पण त्याची एकेक पोझ दोन फ्रेम टिकवलीय, म्हणजे सेकंदाला १२ च. तो तरबेज होत जातो तशी हालचाल सफाईदार होते, जंगलातल्या प्रसंगात तो आणि अनुभवी स्पायडरमॅन पीटर शेजारी शेजारी झोके घेतात तिथे फरक स्पष्ट दिसतो. फक्त टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद करा, ते चालू असेल तर टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच बनवतो आणि सगळ्याची वाट लागते.

प्रतिसाद

सुपरमॅनबद्दल. जेफ्री अनस्वर्थ हा त्याचा छायाचित्रकार, त्याने लेन्सपुढे धुकट फिल्टर लावून शूट केलंय, म्हणून उजेड पसरतो. सिनेमा प्रदर्शित व्हायच्या आधीच अनस्वर्थ वारला आणि सिनेमा त्यालाच अर्पण केलाय. त्यामुळे तो मऊपणा मला तरी प्रिय आहे, कुणी तो 'सुधारून' डिस्क काढली तर मी घेणार नाही. मुंग्या म्हणजे फिल्मचा ग्रेन, फिल्मवरचे बारीक कण.

आता चांगला ग्रेन आणि खराब डिस्क कशी ओळखायची, तर चेहऱ्याच्या क्लोजअपवर पॉज करा. कातडीचा पोत, केस, कापडाची वीण दिसत असेल आणि ग्रेन सगळीकडे सारखा असेल तर काम चोख आहे. ग्रेन गायब आणि चेहरा मेणाचा दिसत असेल तर साफ करताना तपशील पण पुसलाय. कडांना पांढरी रेघ दिसली तर शार्पनिंग जास्त, डार्क नाईटची २००८ ची साधी ब्लू-रे त्यासाठी बदनाम आहे. पण तशी रेघ टीव्हीचा शार्पनेस चढवल्यानेही येते आणि ग्रेन पण उगाच टोचायला लागतो, तेव्हा तो आधी खाली आणा. आकाशात रंगाच्या पायऱ्या किंवा अंधारात चौकोन दिसले तर डेटा दाबलाय किंवा टीव्हीला झेपत नाहीये, दुसऱ्या टीव्हीवर लावल्याशिवाय डिस्कला दोष देऊ नका.

पिक्चर मोड फिल्ममेकर किंवा सिनेमा ठेवा, पॉवर सेव्हिंग आणि उजेडाप्रमाणे चित्र बदलणारा सेन्सर बंद. एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या) सिनेमाला हेच दोन सगळ्यात जास्त मारतात, अंधार तिथेच गिळला जातो. आणि प्लेयर ज्या पोर्टला लावलाय त्याचं एन्हान्स्ड किंवा डीप कलर असं काहीतरी नाव असलेलं सेटिंग चालू आहे ना बघा, नसेल तर एचडीआर टीव्हीपर्यंत पोचतच नाही.

प्रतिसाद

आवाजाचं मी सांगतो कारण माझं हेच झालं होतं. डार्क नाईटच्या फोर-के डिस्कवर ॲटमॉस नाहीच, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफरसाठीचा, वेगळ्या कंपनीचा आवाज) आहे, दिवा लागणारच नाही. पण ५.१ आहे म्हणजे मागचे स्पीकर वाजायलाच हवेत. तुमची खरी अडचण ती एआरसी वायर. साध्या एआरसीमधून डिस्कवरचा पूर्ण आवाज जात नाही, बरेच टीव्ही डीटीएस पुढे पाठवत नाहीत, मग प्लेयर पीसीएम (स्वतःच उलगडलेला आवाज) पाठवतो आणि त्यातले दोनच चॅनल साउंडबारला मिळतात. बोलणं ५.१ मधे मधल्या स्पीकरला असतं, ते डाव्या-उजव्यात मिसळलं की संगीत आणि स्फोटांखाली दबतं.

साउंडबारला एचडीएमआय इन असेल तर प्लेयर थेट त्यात लावा आणि तिथून टीव्हीला (साउंडबार फोर-के एचडीआर पुढे सोडतो ना ते मॅन्युअलमधे बघा). नसेल तर दोन्हीकडे ई-एआरसी (एआरसीचाच जास्त आवाज नेणारा नवा प्रकार) हवं, आणि टीव्ही डीटीएस घेतो का तेही बघावं लागेल. प्लेयरमधे आवाज बिटस्ट्रीम (न उलगडता आहे तसा पाठवणं) करा आणि सेकंडरी ऑडिओ (मेनूचे वगैरे आवाज मिसळणारं सेटिंग) बंद करा, तो चालू राहिला तर ॲटमॉसच्या डिस्कलाही ॲटमॉस येत नाही. एवढं करूनही बोलणं बारीक वाटलं तर सेंटरचा आवाज थोडा वाढवा, रात्री नाईट मोड लावा, पण डिस्क पारखताना नाईट मोड नको, तो मोठा आवाज दाबतो.

आकार बदलतो तो दोष नाही. दिग्दर्शक नोलनने साधारण २८ मिनिटं इमॅक्स (खूप मोठ्या फिल्मच्या) कॅमेऱ्यांवर शूट केलीत, ती टीव्हीभर दिसतात, बाकी सिनेमा रुंद पट्टीत. ट्रकचा प्रसंग इमॅक्समधलाच, शिकागोच्या लासाल स्ट्रीटवर खरा ट्रक उलटवलाय, चित्रासाठी तो बघा आणि आवाजासाठी पण. मात्र ते गोठलं म्हणता ते तपासा. डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही, आणि पुन्हा नेमक्या त्याच मिनिटाला गोठते का बघा. दोन्ही वेळा तीच जागा असेल तर डिस्क खराब.

धागाकर्ती

तुम्हा तिघांचे मनापासून आभार, काल रात्री सगळं केलं. साउंडबारला एचडीएमआय इन होतं, वापरलंच नव्हतं. प्लेयर थेट लावला आणि डिस्प्लेवर पहिल्यांदाच डीटीएस आलं, मागचे स्पीकर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वाजले. पोर्टचं सेटिंग बंदच होतं आणि पॉवर सेव्हिंग चालू. आता बॅटमॅनच्या सूटवरच्या शिवणी दिसतात, खूप खोल काळोखात अजून थोडं राखाडी वाटतं पण ते आमच्या टीव्हीचं असणार, ते चालेल मला.

सुपरमॅनला ॲटमॉसचा दिवा लागला. सुरुवातीची निळी अक्षरं सूं करत येतात तेव्हा बाबा मागे वळून बघत होते. क्लार्कच्या कोटाची वीण पॉज करून बघितली, दिसते, आणि ग्रेन सगळीकडे सारखा आहे. म्हणजे ती डिस्क ठीक आहे, बरोबर ना?

डार्क नाईट मात्र दोनदा पुसून दोनदा लावली आणि दोन्ही वेळा १ तास १२ मिनिटांवरच गोठली. तेवढी एकच परत पाठवतेय, उद्या कुरियरवाला येईल. बदली आली की आधी तीच जागा लावून बघेन आणि इथे लिहीन.